न वाचता केलेली सही

आकांक्षा मस्कतच्या एका दवाखान्यात नर्स होती. नवरा हरिओम तिथंच एका गोदामात सुपरवायझर होता. तिचे वडील त्रिंबकराव यांनी हयातीतच पिंपळगाव रेणुकाईची दोन एकर जमीन बक्षीसपत्र करून तिच्या एकटीच्या नावावर केली होती.

दिवाळीआधी हरिओमने तिच्यापुढे एक कागद ठेवला. "तुझ्या वावरातल्या विहिरीवर विजेचं मीटर घ्यायचंय. संपतला तुझ्या वतीनं सह्या करता आल्या पाहिजेत." संपत तिचा धाकटा दीर. रात्रपाळी करून आलेल्या आकांक्षाने भारतीय वकिलातीत जाऊन सही केली. वाचलं काहीच नाही.

माघात तिच्या आईचा, आसराबाईंचा फोन आला. "बाई, तुझ्या वावरात मोजणीवाले आलेत. संपत म्हणतोय, जमीन इकून राह्यलो."

आकांक्षाने कपाटातून कागदाची प्रत काढली. मीटरचा त्यात उल्लेखही नव्हता. संपतला जमीन विकायचा अधिकार मात्र स्पष्ट लिहिला होता. चौथ्या दिवशी ती तालुक्याच्या गावी, भोकरदनला होती.

तिथल्या वकील सुमेधाताईंनी कागद पाहिला. "जमीन तुमची एकटीची आहे. नवऱ्याचा त्यात हक्क नाही. हे मुखत्यारपत्र आजच रद्द करू, संपतला नोटीस देऊ आणि पेपरात जाहीर करू."

नोंदणी कार्यालयाच्या पायऱ्यांवर संपत भेटला. "वहिनी, जाफराबादला दादाच्या नावानं प्लॉट घेणार होतो. घरातलं घरातच ऱ्हातंय नं."

"माझ्या बापानं जमीन मला दिली, भाऊजी. तुमच्या दादाला न्हाई. मला एकदा विचारलं असतं तर?"

तिने आत जाऊन अंगठा दिला, फोटो काढून घेतला. सौदा मोडला.

संध्याकाळी हरिओमचा फोन आला. "एवढा पण विश्वास न्हाई का माझ्यावर?"

"होता. म्हणूनच न वाचता सही केल्ती," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

मस्कतला ती दोन पानी करार घेऊन परतली. दोघांचं जोडखातं बंद, पगार ज्याचा त्याच्या खात्यात, घरभाडं निम्मं निम्मं, आणि इथून पुढं एकमेकांच्या मालमत्तेवर हात घालायचा नाही.

हरिओम चिडला. "नवराबायकोत असले कागद करतात का?"

"पहिला कागद तुम्हीच आणलात. सही करा, न्हाईतर मी वेगळी खोली बघते."

दोन दिवस तो जेवला नाही. तिने आग्रह केला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने सही केली.

जूनमध्ये आसराबाईंनी त्या वावरात सोयाबीन पेरलं. फोनवर त्यांनी विचारलं, "जावईबापूंशी बोलतीस का गं?"

"कामापुरतं," आकांक्षा म्हणाली. "अजून संतापच येतो, आई. तू तण काढायला मजूर सांगितलेस का?"