ओळखीच्या नाहीत

"हात दिलास की भीक मागितलीस?" टायसर म्हणाले. वर्गात खसखस पिकली. समोरचा पोरगा हात मागे घेऊन पँटला पुसत खाली बसला.

रोज टाय लावून येत म्हणून पोरांनी टायसर नाव पाडलेले हे सर शहराच्या युवा केंद्रात व्यक्तिमत्त्व विकास शिकवत. मुलाखतीला कसं बसायचं, कसं बोलायचं, स्वतःची ओळख कशी करून द्यायची, हे सगळं. केंद्रात मुलांसाठी संगणकाचे वर्ग होते, दुपारचं जेवण होतं आणि व्हरांड्याच्या टोकाला समुपदेशनाची खोली होती. या सगळ्याबद्दल टायसरांचं एकच मत होतं: फुकटेगिरी. त्यांच्या मते या पोरांना काम नको होतं, कौतुक हवं होतं. समुपदेशक बाई नवीन आल्या तेव्हा टायसरांनी त्यांचं नाव रडूबाई ठेवलं आणि त्यांच्या खोलीचं रडणघर. ऑफिसातल्या कारकून बाई दर वेळी हसत. त्यामुळे टायसरांना आपण विनोदी आहोत असं वाटे.

स्वतः ते आधी एका चपलांच्या दुकानात मॅनेजर होते. दुकान बुडालं, टाय तेवढा उरला. पण त्यांच्या बोलण्यावरून वाटे, एखादी मोठी कंपनीच सोडून आलेत.

घरी त्यांची वीस वर्षांची मुलगी गेल्या हिवाळ्यापासून अंथरुणात होती. आधी कॉलेजला जाईना, मग जेवायला बाहेर येईना, मग आंघोळीलाही आईने हाताला धरून न्यावं लागे. टायसर रोज सकाळी दारात उभे राहून तिला तेच ऐकवत जे वर्गात ऐकवत. "ऊठ, तोंड धू, बाहेर पड. तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीतली पोरं कुठल्या कुठे गेली." ती भिंतीकडे तोंड करून पडून राही.

शेजाऱ्यांना आणि केंद्रात त्यांनी सांगून टाकलं होतं की मुलगी परगावी मावशीकडे राहून शिकतेय, पहिली येते. ही थाप निभावायची म्हणून मुलीला गॅलरीत यायला बंदी होती. तिचे कपडे आई आतल्या खोलीत दोरीवर वाळत घाली. ते नीट वाळत नसत, त्यांना कुबट वास येई.

"मी तिला तुमच्या केंद्रातल्या बाईंकडे नेणार आहे," एक दिवस बायको म्हणाली.

"वेड लागलंय का? तिथे मला मान आहे."

"दुसरीकडे कुठे नंबर लागत नाही. मी विचारून आले."

"माझ्या केंद्रात नाही म्हणजे नाही." विषय संपला, असं समजून ते टाय बांधायला आरशासमोर गेले.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत चहा घ्यायला ते व्हरांड्यात आले, तर रडणघराबाहेरच्या बाकावर बायको आणि मुलगी बसलेल्या. मुलीने त्यांचाच जुना स्वेटर घातला होता. कित्येक महिन्यांनी उजेडात आल्यामुळे ती डोळे बारीक करून बसली होती. केस मात्र विंचरलेले, चापूनचोपून बांधलेले. आईने सकाळभर खटपट केलेली दिसत होती.

कारकून बाई चहाचा कप देत हळूच म्हणाल्या, "सर, या बाई केव्हाच्या तुमच्याकडे बघतायत. ओळखीच्या आहेत का?"

"ओळखीच्या नाहीत," टायसर म्हणाले. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण कारकून बाई अजून बघतच होत्या, म्हणून ते पुढे म्हणाले, "आली असेल आणखी एक रडायला."

कारकून बाई सवयीने हसल्या.

व्हरांडा काही फार लांब नव्हता. बायको ताडकन उठली. मुलीने तिचं मनगट धरलं. "बस, आई," ती म्हणाली. "बाबांचा वर्ग आहे अजून." आवाज इतका हळू होता की तो फक्त आईला ऐकू आला. मग दार उघडलं आणि समुपदेशक बाईंनी तिला आत नेलं.

उरलेल्या तासात टायसर काय शिकवत होते ते त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. एका पोराने विचारलं, "सर, बरं नाही का?" तर ते त्याच्यावर खेकसले. पोरं एकमेकांकडे बघू लागली. त्या बघण्यात भीती नव्हती, आदर तर नव्हताच. टायसरांना ते आज पहिल्यांदा दिसलं.

वर्ग सुटला तेव्हा बाक रिकामा होता. समुपदेशक बाई दारातच भेटल्या.

"सर, तुम्ही बाहेर जे बोलता ते आत सगळं ऐकू येतं."

टायसर टायशी चाळा करत राहिले.

"मी आज वर तक्रार करणार होते. त्या मुलीनेच नको म्हटलं. म्हणाली, त्यांना दुसरं बोलता येत नाही, राहू द्या." बाईंनी त्यांच्याकडे एकवार नीट पाहिलं. "पुढच्या आठवड्यात ती परत येणार आहे. तेवढा वेळ तोंड आवरा."

त्या मुलीचे वडील कोण हे बाईंना माहीत नव्हतं. सांगायची हीच वेळ होती. "बरं," एवढंच म्हणून टायसर जिना उतरले.

बस थांब्यावर त्या दोघी उभ्या होत्या. ते मागे, पानाच्या टपरीच्या आडोशाला थांबले. केंद्रातली पोरंही घोळक्याने तिथेच उभी होती. बस आली, दोघी चढल्या. टायसरही मागच्या दाराने चढले आणि दांडा धरून, खिडकीबाहेर बघत उभे राहिले. पोरांनी "सर, बसा ना" म्हटलं, ते बसले नाहीत.

कंडक्टर पुढून तिकिटं फाडत आला. आई पर्समध्ये सुटे पैसे शोधत होती, म्हणून त्याने मुलीलाच विचारलं, "किती?"

तिने मान वळवून मागे पाहिलं. बाबा खिडकीबाहेरच बघत होते.

"तीन," ती म्हणाली. "तिसरं त्या मागच्या टायवाल्यांचं."