बीमजवळचं मौन

निवड चाचणीला बारा दिवस उरले असताना माझी चूक मला कळली. मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवायला लागून मला तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

टिटवी बीमवर उभी होती. अंगानं काडी, पण आवाज असा की सगळ्या हॉलनं तिला हे नाव दिलेलं. वीतभरही रुंद नसलेल्या त्या लाकडावर मागे वाकायचं, हात टेकून कमान करायची आणि पाय डोक्यावरून पलीकडे आणायचे. सरावात दहापैकी आठ वेळा तिला हे सहज जमायचं. मागच्या दोन्ही चाचण्यांत मात्र ती हात वर करून नुसती उभी राहिली आणि वेळ संपल्यावर खाली उतरली. बारा वर्षांखालच्या संघासाठी तिचं हे शेवटचं वर्ष होतं.

एवढ्यात हॉलचा शिपाई किल्ल्या मागायला आला. मी त्याच्याकडे वळले आणि परत बघते तर टिटवी तशीच हात वर करून उभी.

"अगं, निघ ना!"

"तुम्ही म्हटलंच नाही, ताई."

"काय म्हटलं नाही?"

"एक, दोन, आणि..."

म्हणजे ती माझ्या मोजण्यावरच निघत होती. मी कधी कुणावर ओरडत नाही. हळू आवाजात मोजते आणि मुली त्यावर निघतात. याचं मला केवढं कौतुक होतं! पण चाचणीत प्रशिक्षकानं जमिनीवर आखलेल्या पट्टीमागे गप्प उभं राहायचं असतं. तोंडातून शब्द निघाला तर मुलीचेच गुण कापतात.

घरी सासूबाईंना सांगितलं. रोज पहाटे प्रार्थनेनंतर तासभर मौन पाळायचं हा माझा जुना नेम त्यांना चांगला ठाऊक आहे. त्या म्हणाल्या, "पहाटे सगळं घर घोरत असतं. तेव्हा गप्प बसायला कसला गं नेम लागतो? संध्याकाळी पाच ते सहा बसून दाखव त्या पोरींपुढे."

त्या चेष्टेत बोलल्या, पण देवानंच बोलावं तसं मला वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मी मौनाचा तास सरावात नेला. फळ्यावर लिहिलं: आधी अंग मोकळं करणं, मग कमानी, मग बीम. खाली लिहिलं: सहापर्यंत मी बोलणार नाही. कधी निघायचं ते तुम्ही ठरवा.

"ताई, आज लवकर सुट्टी ना?" एकीनं लगेच विचारलं. "बघा, नाही म्हणाल्या नाहीत!" सगळ्या खिदळल्या. मी तिचा कान हलकेच धरून तिला बीमपाशी नेलं.

खाली जाड गाद्या होत्या आणि बाजूला माझे हात तयार होते. बाकीच्या मुली अडखळत का होईना, निघू लागल्या. टिटवी मात्र तीन दिवस नुसती वर चढली आणि उतरली.

चौथ्या दिवशी तिची आई आली. ती दवाखान्यात परिचारिका. ड्यूटीचे कपडे तसेच अंगावर होते.

"ताई, पोरगी घरी रडतेय. चाचणी तोंडावर आली नि हे काय काढलंत? तुमच्या व्रतापायी तिचं वर्ष जाणार!"

पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. मी घड्याळाकडे बोट दाखवलं, त्यांना बाकावर बसवलं, पाण्याचा पेला हातात दिला. सहा वाजता म्हणाले, "चाचणीच्या दिवशी मला बोलता येणार नाही. त्याची सवय आत्ताच व्हायला हवी."

"आणि नाही जमलं तर?"

"जमेल. पाठ, खांदे, पाय, सगळं तयार आहे तिचं. निघायचं तेवढं राहिलंय."

"तुमचा भरवसा तुम्हालाच लखलाभ!" त्या फणकारल्या. पण दुसऱ्या दिवशी मुलीला वेळेवर सोडून गेल्या.

सहाव्या दिवशी टिटवी वर चढली आणि बीमलाच दम देऊ लागली. "हलू नकोस हं. मी येतेय. हललास तर बघ!" आणि निघाली. पाय लाकडावर पडला, तोल गेला आणि ती गादीवर आपटली. तिथूनच ओरडली, "हलला, ताई! तोच हलला!" मला हसू फुटलं, पण ओठ मी मिटलेलेच ठेवले. त्यानंतर रोज ती दम द्यायची आणि निघायची.

चाचणीला ती बीमवर हात वर करून उभी राहिली. पाच सेकंद गेले, दहा गेले. शेजारचे प्रशिक्षक माझ्या कानाशी कुजबुजले, "मोजा की हळूच! परीक्षक लांब आहेत." मी नकारार्थी मान हलवली आणि हात पाठीमागे घट्ट धरले. मला काळजी नव्हती असं नाही, पण ती निघणार हे मला ठाऊक होतं.

टिटवीचे ओठ हलले. ती वाकली, पाय डोक्यावरून आले, एक टाच निसटली, दोन्ही हात पंख्यासारखे फिरले. पण ती वरच राहिली.

यादी वाचली तेव्हा सहा जणींत तिचं नाव सहावं होतं. तिची आई माझा हात धरून रडत होती. टिटवीच्या कपाळावर मात्र आठी.

"सहावी? त्या टाचेचे किती कापले हो, ताई?"

"परीक्षकांना विचार."

"तुम्ही चला ना."

"मी इथं बसलेय."

तिनं एकदा माझ्याकडे, एकदा परीक्षकांच्या टेबलाकडे पाहिलं, वेणी मागे टाकली आणि तरातरा निघाली.