सेजोंगमधलं पहिलं श्राद्ध

यंदाचं श्राद्ध सेजोंगमध्ये आपल्या फ्लॅटवर करायचं, असं माझ्या मुलानं ठरवलं तेव्हा मी एकच विचारलं, "तुझ्या बाबांना घर सापडेल का?"

कीह्वान हसला. "मोबाईलमध्ये पत्ता टाकला की सापडतं, आई."

"ते मोबाईल घेऊन गेलेले नाहीत."

हे गेले तेव्हा सेजोंग नावाचं शहर नव्हतंच. आमचं सोत्गोल होतं. बत्तीस घरं, आणि टेकडीच्या उतारावर पीचच्या बागा. सरकारी माणसं मोजणी करून बांधाबांधावर लाल झेंडे रोवून गेली आणि त्याच ऑगस्टमध्ये यांनी डोळे मिटले. पुढचं काही त्यांनी पाहिलं नाही. गाव उठलं. मी छोंगजूला राहायला गेले आणि दर वर्षी तिथंच श्राद्ध करत आले. आता माझे गुडघे तासन्‌तास तळणीपुढे बसू देत नाहीत, तेव्हा मुलगा म्हणतो ते बरोबरच. पण त्या एकसारख्या उंच इमारतींत हे कुणाला पत्ता विचारणार? जिवंतपणीसुद्धा कधी विचारायचे नाहीत. वाट चुकून दोन-दोन तास फिरायचे, पण विचारायचे नाहीत. यांचं पान वाढलेलं राहील आणि हे कुठल्यातरी चौकात उभे असतील, या विचारानं मला आठवडाभर धड झोप नव्हती.

म्हणून त्या दिवशी मी सकाळीच निघाले. म्हटलं, आपणच चालत जाऊन वाट दाखवू. सोबत माझी नणंद कुमजा होती. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज अठराचा.

बसमधून उतरल्या उतरल्या ती रस्त्यावर ओरडली, "दादा, इथं उतरायचं बरं का! मग डावीकडे!"

"हळू, वन्सं. लोक बघतायत."

"बघू देत. दादाला कमी ऐकू यायचं, विसरलात?"

डावीकडे मंत्रालयांची इमारत लागली. एक खातं संपलं की दुसरं सुरू, अशी ती वळणं घेत लांबच लांब गेलेली, आणि छपरावर बाग.

"आपल्या बागा उपटल्या आणि छपरावर नेऊन लावल्या," कुमजा म्हणाली. "एवढं करून राष्ट्राध्यक्ष कुठं बसतात? सोललाच. म्हणजे संसार इथं आणि घरधनी तिथं."

ती म्हणाली त्यात खोटं नव्हतं. आधी सांगितलं, कोरियाची सगळी राजधानीच सोलहून इथं येणार. आम्ही बायकांनी विहिरीवर चर्चा केली, की आता आपण राजधानीवाल्या. मग कोर्ट म्हणालं, राजधानी सोलच, कारण ती पूर्वापार सोलच आहे. मग ठरलं, की निदान बरीचशी मंत्रालयं तरी येऊ देत. या सगळ्यात गाव मात्र पुरतं गेलं, ते काही अर्धं राहिलं नाही.

गळ्यात ओळखपत्र घातलेला एक तरुण जेवायला चालला होता. मी त्याला सोत्गोल कुठं होतं ते विचारलं. त्यानं मोबाईलमध्ये पाहिलं. "असं काही दाखवत नाही, आजी."

"बाळा, तू उभा आहेस ना, तिथं याच्या काकांचा गोठा असेल," कुमजा म्हणाली. याच्या म्हणजे तिच्या दादाच्या, हे त्या बिचाऱ्याला कळलं नाही, पण तो दोन पावलं बाजूला झाला आणि वाकून नमस्कार करून गेला.

मी टेकडीकडे पाहून अंदाज घेत चालले. टेकडी तेवढी ठेवली आहे. "अहो, टेकडी उजव्या हाताला ठेवा," मी मनात सांगत होते, "बँकेपाशी वळा, मग चौथी इमारत." मुलाच्या इमारतीचं खालचं दार आकडे दाबल्याशिवाय उघडत नाही. कुमजानं ते आकडे चार वेळा मोठ्यानं म्हणून दाखवले. वॉचमन धावत आला.

"कुणाला सांगताय, आजी?"

"माझ्या भावाला."

"कुठं आहेत ते?"

"मेलाय," कुमजा म्हणाली आणि लिफ्टमध्ये शिरली.

वर सूनबाईंनी, हेरिमनं, सगळं मांडून ठेवलं होतं. ती सोलची, नोकरीमुळे इकडे आलेली. तिच्या माहेरी श्राद्ध नाही, पण तिनं वाचून वाचून मासा पूर्वेला, मांस पश्चिमेला, सगळं जागच्या जागी ठेवलं होतं. आणि फळांच्या ओळीत, मधोमध, तीन मोठे गुलाबी पीच.

कुमजा दारातच थांबली. "अगं बाई! पीच?"

कीह्वानचा चेहरा उतरला. पीचला मेलेली माणसं भितात. श्राद्धाच्या पाटावर कुणी पीच ठेवत नाही. दिवसभर वाट दाखवत आणलं, आणि आता उंबऱ्यावरूनच हे परत जाणार!

"मी नीट वाचलं नाही," हेरिमचे डोळे भरून आले. "मला वाटलं, बाबांचीच बाग होती, तर त्यांना..."

"उचल, उचल लवकर," कीह्वान म्हणाला.

तिनं ताटलीला हात लावला आणि मला आमचं जुनं घर दिसलं. चारी बाजूंनी पीचची झाडं. फांद्या खिडकीला टेकायच्या. सासऱ्यांच्या श्राद्धाला हे बागेतून तसेच यायचे, कॉलरवर फळांची लव, हाताला वास. तरी सासरे दर वर्षी येतच होते की. ते कुठल्या वाटेनं येत असतील?

आणि दुसरं आठवलं ते जास्त लागलं. एवढी वर्षं बाग केली, पण यांनी एक धड फळ खाल्लं नाही. चांगलं ते पेटीत, बाजाराला. पाखरांनी टोचलेलं, खाली पडलेलं यांच्या वाट्याला.

"राहू दे ते," मी म्हणाले. "सुरी दे."

"वहिनी, दादा पळेल हं!"

"तुमचे दादा पीचला पळणारे असते, वन्सं, तर माझं लग्नच झालं नसतं. बघायला आले तेव्हा टोपलीभर घेऊन आले होते."

श्राद्धाच्या इतर फळांचे, गेलेल्याला खाता यावं म्हणून, शेंडे कापतात तसे मी तिन्ही पीचचे कापले. कीह्वाननं दार सताड उघडलं, दारू ओतली, दोनदा साष्टांग नमस्कार घातला. भातात चमचा उभा करून, यांना निवांत जेवता यावं म्हणून आम्ही सगळे बाल्कनीत जाऊन पाठमोरे उभे राहिलो.  कुमजानंसुद्धा मागं वळून पाहिलं नाही.

नंतर प्रसाद म्हणून मी एक पीच हेरिमला दिला, एक मी घेतला. रस कोपरापर्यंत आला.

"आई, पुढच्या वर्षी?" तिनं भीत भीत विचारलं.

"पुढच्या वर्षी दोन दिवस आधी आणून ठेव. अजून कडक आहेत. त्यांना मऊ लागायचे."