रिकाम्या रकान्याचं काय करायचं

सत्र सुरू होताना कॉलेजच्या संगणकाने सरांना विचारलं होतं, की मुलांना एकूण गुण दाखवताना ज्या कामाचे गुण अजून भरलेले नाहीत ते रिकामे रकाने शून्य धरायचे की सोडून द्यायचे? गेल्या वर्षी त्यांनी शून्य धरले होते. पहिल्याच आठवड्यात अख्खा वर्ग नापास दिसला आणि पालकांच्या फोनांनी सरांचं डोकं उठवलं. यंदा त्यांनी ‘सोडून द्या’वर टिचकी मारली आणि निवांत झाले.

त्याच वर्गात त्यांची सख्खी भाची होती. वर्गात ‘सर’, घरी ‘मामा’. तिची प्रयोगवही अपुरी म्हणून परत आली होती, पूर्ण करून द्यायची होती; तोवर तिचा रकाना रिकामा. पण पडद्यावर रोज पंचाहत्तर टक्के दिसत होते. मग कशाला जीव काढायचा? वही राहून गेली. मामानेही आठवण करून दिली नाही. भाचीचे लाड करतो, असं कुणी म्हणायला नको.

निकाल बंद करताना परीक्षा विभागाने नियमाप्रमाणे प्रत्येक रिकाम्या रकान्यात शून्य भरलं. वहीच्या शून्यामुळे भाची नापास झाली. आता पुढच्या वर्षाला प्रवेश नाही.

सर धावत परीक्षा विभागात गेले. “वही आजच्या आज आणून देतो.”

“भाचीची ना?” कारकूनबाईंनी मान वर केली नाही. “मग तुम्ही इथे उभेही राहू नका, सर. उगाच माझ्या अंगाशी येईल.”

“अहो, पण पडद्यावर ती पास दिसत होती!”

“पडद्याचं तुम्ही ठरवलंत. आम्हाला तो दिसतही नाही.”

संध्याकाळी ते बहिणीकडे गेले. ताईने पाणीसुद्धा विचारलं नाही.

“मामा, ते टक्के खोटे होते का?” भाचीने विचारलं.

“खोटे कसे? जेवढं दिलंस, तेवढ्याचे होते.”

“आणि जे दिलं नव्हतं, ते कुठे दिसत होतं?”

“अरे, मग लिहून दे ना, चूक तुझी म्हणून!” ताई म्हणाली.

“दुपारीच दिलं.”

“कुणाकडे?”

“विभागप्रमुखांकडे.”

“मग गाठ की त्यांना. कोण आहेत?”

“मीच.”

ताई बघतच राहिली.

“नात्यातल्या अर्जावर मला सही करता येत नाही, ताई. त्याला समिती लागते.”

“मग बसव समिती!”

“बसेल. प्रवेश बंद झाल्यावर.”

भाची उठली आणि आतल्या खोलीत गेली. दार तिने अगदी हळू लावलं. आपटलं असतं, तर सरांना बरं वाटलं असतं.