बाबांच्या हातावर ओरखडा नव्हता

बंद पडलेल्या थिएटरात पाय ठेवायला जागा नव्हती. कुणाच्या मांडीवर पिंजरा, कुणाच्या टोपलीत कोंबडी, कुणाच्या पिशवीतून डोकावणारं मांजर. स्टेजवर मुकेबाबा. मुक्या जनावरांचे म्हणून मुकेबाबा. त्यांच्या स्वतःच्या तोंडाला मात्र क्षणाचीही उसंत नव्हती.

"आजार म्हणजे काय? उलटी झालेली ऊर्जा! ती मी सुलटी करतो!" असं गरजत त्यांनी शिवणवाल्या बाईचा ससा उचलला आणि सरळ उताणा केला. पोटावरून बोट फिरवलं. ससा निपचित पडला, पाय वर, डोळे टक्क उघडे. अख्खं थिएटर विरघळलं.

"समाधी लागली! आता औषध घालाल तर समाधी मोडेल, सांगून ठेवतो."

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" जाऊबाईंनी बाईला कोपराने ढोसलं. बाईला हायसं वाटलं. नवरा परगावी कामाला, दिवसभर बोलायला हा ससाच. मशीन सुरू झालं की तो पॅडलपाशी येऊन बसायचा. आदल्या दिवसापासून मात्र त्याने अन्नाला तोंड लावलं नव्हतं.

घरी आल्यावर समाधी उतरली, भूक काही लागली नाही. ससा कोपऱ्यात अंग फुगवून बसला, हनुवटी लाळेने चिंब. बाईने कोवळा पाला त्याच्या नाकाशी धरला. त्याने तोंड फिरवलं, तशी तिला रडू कोसळलं. जाऊबाईंना न विचारता तिने टोपली उचलली आणि जनावरांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरणीने भाषण ठोकलं नाही. वजन केलं, पोट चाचपलं, लेंड्या टाकतोय का विचारलं आणि बारीक दिवा तोंडात घालून आत पाहिलं.

"तुम्हीही बघा, ताई. मागच्या दाढेला टोक आलंय, त्याने जीभ कापलीय. सशाचे दात जन्मभर वाढतात. चावायला गेला की टोचतं, मग खाईल कसा? अजून उशीर झाला असता तर आतडं थांबलं असतं."

"पण बाबांच्या हातात तर तो समाधीत..."

"उताणा केला होता? डोळे उघडे, श्वास भराभर?"

"हो."

"शिकाऱ्याच्या तावडीत सापडला की ससा असा मेल्यासारखा पडतो. कोंबडीसुद्धा पडते. भीतीने गारठलेला असतो हो तो! हे कुणालाही जमतं. कुणी करू मात्र नये."

आपला ससा भीतीने अर्धमेला झाला होता आणि आपण हात जोडून बघत बसलो! बाईला स्वतःची लाज वाटली आणि बाबांची चीड आली.

डॉक्टरणीने भूल देऊन दाढा घासल्या. तिच्या हातांवर जुने-नवे ओरखडे होते, कोटाची बाही नखांनी फाटलेली. सुयांनी टोचलेली बोटं घेऊन जगणाऱ्या बाईला कामाचा हात ओळखू येत होता. बाबांचे हात मात्र लोण्यासारखे. रोज शेकडो जनावरं बरी करतो म्हणे, आणि एक ओरखडा नाही!

ससा पुन्हा पाला कुरतडू लागला. बाईने डॉक्टरणीचा कोट मागून आणला आणि बाही नवी लावून दिली. मग बोका घेऊन निघालेल्या जाऊबाईंबरोबर ती पुढच्या सभेला गेली.

"बाबा, नेहमी ससे नि कोंबड्याच का? आमच्या बोक्यालाही समाधी लावा की!" तिने उभं राहून विचारलं.

"बोक्याचं कर्म फार जड असतं, माते."

"तुम्हाला काय जड, बाबा!" जाऊबाईंनी भक्तिभावाने बोका त्यांच्या मांडीवर ठेवला. माघार घ्यायला तोंड उरलं नाही. बाबांनी डोळे मिटून बोक्याला उताणा करायला घेतलं.

दुसऱ्याच क्षणी बोका पडद्यावर आणि बाबा खुर्चीखाली. रक्ताळलेला हात धरून ते किंचाळत होते, "डॉक्टर! अरे, डॉक्टरला बोलवा कुणीतरी!"

"ऐकलंत?" बाई गर्दीकडे वळली. "यांना ओरखडा आला तर डॉक्टर हवा. मग आपल्या मुक्या लेकरांनाच का नको? जरा डोकं वापरा. उचला टोपल्या, दवाखाना अजून उघडा आहे."

सगळ्यात आधी जाऊबाई उठल्या.