बोंबलीची मोटर

आमच्या घरात मोटर या वस्तूला फार मान. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्त झालेलं यंत्र गिऱ्हाइकाला देण्याआधी ते स्टुलावर बसून, डोळे मिटून ऐकायचे. जराशी घरघर आली की यंत्र परत टेबलावर. "आवाज करतंय म्हणजे दुखतंय कुठंतरी," एवढंच म्हणायचे. आता दुकान मी चालवते, आणि मीही त्याच स्टुलावर तशीच बसते.

त्या दुकानात एका गिऱ्हाइकाने रिमोटवर चालणारी गाडी दुरुस्तीला टाकली आणि तो पठ्ठ्या पुन्हा फिरकलाच नाही. खूप वाट बघून अण्णांनी ती आम्हा भावंडांना देऊन टाकली. धावायला लागली की असा टाहो फोडायची की शेजारीपाजारी खिडक्या लावून घ्यायचे. दादाने तिचं नाव ठेवलं बोंबली. गावभरची यंत्रं गप्प करणाऱ्या अण्णांनी तिला मात्र कधी हात लावला नाही. पोरांचं खेळणं आहे, बोंबलू दे, म्हणायचे.

दुकानामागच्या अंगणात ठरलेल्या जागी पत्र्याचे दोन डबे ठेवायचे आणि गाडी त्यांना वळसे घालत फिरवायची, हा आमचा खेळ. मी डब्याला धडकायचे, दादा कधीच नाही. पुढे तो बसचा ड्रायव्हर झाला यात नवल ते काय! उभ्या आयुष्यात त्याच्या बसला ओरखडा नाही. मग मुदतीआधीच नोकरी सोडून घरी बसला. पाठ धरते म्हणाला. तेव्हापासून दर रविवारी दुकानात यायचा, माळ्यावरून बोंबली काढायचा आणि डब्यांभोवती फिरवायचा. केस पिकलेली आम्ही दोघं अंगणात उभी, आणि ती बया बोंबलतेय. मला तेवढा वेळ अण्णा आत दुकानात आहेत असंच वाटायचं. खोटं कशाला बोलू, त्या एका तासासाठी मी आठवडा ढकलायचे.

आणि एका रविवारी बोंबली मध्येच धूर सोडून बसली. जुन्या जातीची मोटर, आत कोळशाचे दोन तुकडे घासत चालणारी. कोळसे मी कितीदा बदलले, पण आता ते ज्या तांब्याच्या कड्यावर घासतात तेच झिजून संपलं होतं. दादा असा मटकन खाली बसला की मला रागच आला. म्हटलं, तोंड पाडू नकोस, हिच्यापेक्षा झकास आणते. तो मान वाकडी करून बघत म्हणाला, होती तशीच मिळते का बघ. हल्ली त्याला तिरकं बघायची खोडच लागली होती. मोठा साहेब झालाय, असं मी चिडवायचे.

तशी मोटर आता कोण ठेवतंय! खेळण्यांच्या गाड्यांच्या दुकानात सगळा बिनकोळशाच्या मोटरींचा कारभार. दोन तारांऐवजी तीन, घासायला आत काही नाहीच. दुकानदार सगळ्यात मोठा आकडा लिहिलेली मोटर माझ्या गळ्यात मारायला बघत होता. तो आकडा म्हणजे एका व्होल्टला किती फेरे, हे मला कळत होतं. आमचं अंगण वीतभर, पळायचंय कुठं? मला हळू चालताना ओढ हवी होती. मग त्याने दोन काढून दाखवल्या. एक स्वस्तातली, सुरू होताना हिसके देणारी आणि कुंई कुंई करणारी. दुसरीत आतला फिरता भाग नेमका कुठं आहे ते सांगणारा सेन्सर. लोण्यातून सुरी जावी तशी फिरायची, आणि आवाज म्हणाल तर नावाला. मी अण्णांची लेक. पहिलीकडे ढुंकूनही बघितलं नाही.

बसवलीही जीव ओतून. मोटरीचं दातेरी चाक मोठ्या चाकाला किती चिकटवायचं, यात सगळी मेख असते. दोन्हींच्या दातांत कागदाची पट्टी धरायची, स्क्रू आवळायचे आणि पट्टी काढून घ्यायची. उरते तेवढीच फट बरोबर. टेबलावर चालवून बघितली तर चाकं फिरतायत आणि दुकानात माशी उडाली तर ऐकू येईल. अण्णांनी पाठ थोपटली असती.

रविवारी दादाच्या हातात रिमोट दिला. गाडी सुळकन निघाली, डब्यापाशी न वळता सरळ गेली आणि भिंतीवर आदळली. मी उचलून आणली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आदळली तेव्हा माझं डोकं फिरलं. एवढी मर मर करून बसवली आणि हा मुद्दाम नाटकं करतोय, जुनीच हवी होती ना! 

म्हटलं, "एवढी मोठी भिंत समोर आहे, दिसत नाही का तुला?"

"नाही दिसत," दादा म्हणाला. "भिंत दिसते कडेकडेने. गाडी नाही दिसत. बघेन तिथं मधोमध काळा डाग आहे. म्हणून तर बस सोडली."

पाठबीठ काही नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत यायची नाही. मग एवढी वर्षं डबे कसे चुकवत होतास, विचारलं.

"ती बोंबलायची ना," तो म्हणाला. "कुठं आहे ते कळायचं. आता चालवण्यासारखी तेवढी एकच गाडी राहिली होती गं."

मला रडू आलं ते मी लपवलं नाही. लपवलं असतं तरी त्याला ऐकू आलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी त्या दुकानदाराच्या दारात. म्हटलं, ती कुंई कुंई करणारी दे. तो म्हणाला, बाई, लोक तिचा आवाज नको म्हणून परत करतात. म्हटलं, मला आवाजच विकत घ्यायचाय. वेडी समजला असणार. समजू दे.

मोटर बसवताना पट्टी धरायची वेळ आली तेव्हा मी कागद बाजूला ठेवला आणि जाड पुठ्ठा घेतला. फट वाढली, दात एकमेकांवर खडखडायला लागले. असे दात लवकर झिजतात. झिजले की नवीन घालीन, मी बसलेय ना इथं. पण माझ्या हातून आयुष्यात पहिल्यांदाच दुखणारं यंत्र बाहेर गेलं, आणि स्क्रू आवळताना मी मनातल्या मनात अण्णांची माफी मागितली.

रविवारी गाडी अंगणात सोडली आणि शेजारणीने धाडकन खिडकी लावली. दादा रिमोट घेऊन अंगणात आणलेल्या अण्णांच्या स्टुलावर बसला, डोळे मिटले. बोंबली पहिल्या डब्याला वळसा घालून गेली, दुसऱ्याला गेली, परत आली. 

"पुढच्या उजव्या चाकाचं बेअरिंग गेलंय," तो डोळे न उघडता म्हणाला.

अण्णांचाच सूर. मी सवयीने पाना हातात घेतला.

"राहू दे," दादा म्हणाला. "वळते कधी ते त्याच्यावरून कळतंय."

मी पाना खाली ठेवला.