घर जरा फिरवून घे

तुरांगी गावातल्या डेअरीतून दूध घेतलं तेव्हाच मी मनात ठरवलं होतं की आज वाळवंटात दूध उतू घालवायचं. क्षितिजला सांगितलं नाही. आपली एकच शेगडी धड चालते, असं तो म्हणाला असता.

पेनरोजच्या कंपनीने त्याला देशभरातल्या शीतगृहांची यंत्रं तपासायचं काम दिलं आणि तीन वर्षांची श्रिया बाबाला फोनवरच ओळखायला लागली. म्हणून आम्ही फ्लॅट बुशचं घर भाड्याने दिलं आणि कॅम्परमध्ये, या चाकांवरच्या घरात, राहायला आलो. त्याला पाच महिने झाले. रोज सकाळी मी पडदा सरकवते आणि हरखते. खिडकी तीच, पण बाहेर कधी समुद्र, कधी कुणाच्या मेंढ्या.

सासूबाईंचं तसं नव्हतं. त्या पुण्याहून सहा महिन्यांसाठी इकडे परदेशी आल्या, त्याला पंधरा दिवस झाले होते. कधी कुरकुरल्या नाहीत, तेच मला खुपायचं. बॅग पूर्ण उघडायच्या नाहीत, लागेल तेवढंच काढायच्या. फोनवर काशिनाथकाकांना सांगायच्या, "मुलांनी छोटासा ब्लॉक घेतलाय." आज संध्याकाळी त्यांना जॉन्सनव्हिलला, त्यांच्या लेकीकडे, सुनेत्राताईंकडे सोडायचं होतं. उरलेले साडेपाच महिने त्या तिथेच राहणार होत्या. मला त्या आमच्याकडे हव्या होत्या. श्रिया त्यांचा पदर मुठीत धरून झोपायला लागली होती आणि मला वही घेऊन लिहायला अर्धा तास मिळू लागला होता.

डेझर्ट रोडला लागलो. दोन्हीकडे करडी, राखेसारखी वाळू आणि पिवळ्या गवताचे झुपके. पलीकडे रुआपेहू डोंगर, डोक्यापासून खांद्यापर्यंत बर्फात.

"व्हेअर आर द कॅमल्स?" श्रियाने विचारलं.

"थंडी वाजते म्हणून घरी गेले," क्षितिज म्हणाला. तिला डोंगर दिसावा म्हणून त्याने खडीच्या मोकळ्या जागेत गाडी लावली आणि दार सरकवलं. वारा आत घुसला. मी पातेलं बाहेर काढलं.

"आई, या घराचं दूध उतू घालवायचं राहिलंय. तुमच्या हातून होऊ दे."

आई माझ्याकडे बघत राहिल्या. "अगं, गाडीला कुणी वास्तू म्हणतं का?"

"आम्ही राहतो ना इथे?"

त्यांनी दाराबाहेर पाहिलं. "आणि दार पश्चिमेला. फ्लॅट बुशला दक्षिणेला होतं. माझ्या मुलाच्या नशिबात पूर्व नाहीच."

क्षितिजने एकदा माझ्याकडे, एकदा पातेल्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं असावं. "आई, बस जरा. पट्टा लाव."

"का रे?"

"घर फिरवतो."

त्याने गाडी मागे घेतली, चाकं वळवली, पुन्हा पुढे घेतली. डोंगर खिडकीतून हळूहळू निघून गेला. श्रिया ओरडली, "आजी, द हाऊस इज टर्निंग!" आईंनी सीट घट्ट धरली होती, पण त्या हसत होत्या, पदराआडून. दार उघडलं तेव्हा समोर पूर्व होती. लांबवर पसरलेली वाळू आणि तिच्यावर सकाळचं ऊन.

"स्वीट अ‍ॅज, एकदम झकास," क्षितिज म्हणाला. "वास्तुशास्त्रवाल्यांनी पाच हजार घेतले असते."

मग आईंनी डोक्यावरून पदर घेतला, शेगडीला हळदकुंकू लावलं, दूध ठेवलं. दूध वर आलं, फुगलं आणि पूर्वेकडूनच ओसंडलं. आम्ही हात जोडले. शेगडी फस्स करून विझली.

पुन्हा पेटेना. क्षितिजने गॅस बंद केला, बर्नर काढून पुसला, फुंकला. भोकं दुधाने बुजली होती. "झालं. आता सगळ्यांना थंड पाव." मी आईंना इथे ठेवून घ्यायला निघाले आणि त्यांच्या चहाचीच चूल विझवली.

"आण इकडे," आई म्हणाल्या. बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन त्यांनी काढली, बर्नर मांडीवर घेतला आणि एकेक भोक टोचायला लागल्या. "वीस वर्षं रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारलीये मी. तू इंजिनियर असशील तुझ्या गोदामात."

शेगडी पेटली. निळी, गोल ज्योत. उरलेल्या दुधाचा चहा त्यांनीच केला, न विचारता वेलदोड्याचा डबा शोधला, आणि मग म्हणाल्या, "हा डबा हाताशी का नाही ठेवत? वरचा कप्पा उद्या मी लावते."

मी कप दोन्ही हातांत धरला. उद्या म्हणाल्या होत्या.

वायउरूला फोनला रेंज आली. आईंनी स्वतःच सुनेत्राताईंना लावला.

"हो, पोचतोय संध्याकाळी. नाही गं, खोली नको तयार करूस. दोन दिवसच आहोत." त्यांनी माझ्याकडे न बघता श्रियाचं नाक पुसलं. "तेवढं बघून ठेव, तुझ्या दारासमोर आमचं घर लावायला जागा आहे का. आणि पूर्व कुठल्या बाजूला येते, तेही."